चेअरमन दर गुरुवारी कुठे जातात

सुगंधा राऊळ यांना कोरियन माणसांची नावं लक्षात राहत नसत. पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा लेकीने, तेजलने, टीव्हीवर एक ॲप घालून दिलं आणि पडल्या पडल्या बघत जा, असं सांगून ती बंगळुरूला नोकरीवर निघून गेली. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या सुगंधाताई कुठलंही काम अर्धवट सोडत नसत. गुडघा तीन महिन्यांत बरा झाला, मालिका चालूच राहिल्या. वर्षभरात त्यांनी अंधेरीतल्या सोफ्यावर बसून अर्धा आशिया पालथा घातला आणि प्रत्येक देशाविषयी त्यांचं मत ठाम झालं. चिनी मालिका दिसायला सुंदर, पण पन्नास भागांतले वीस झगे सावरण्यातच जातात. जपानी सिनेमात कुणी काही बोलत नाही. बाप लेकाकडे बघतो, लेक झाडाकडे बघतो आणि सिनेमा संपतो, मात्र दोन दिवस आपल्याला भांडी घासतानाही तो बाप आठवत राहतो. थायलंडवाले भुताच्या सिनेमातसुद्धा जेवण इतकं झकास दाखवतात की भुताकडे लक्ष राहत नाही. पहिला नंबर कोरियाचा. सोळा भागांत आटपतात, रडता रडता पोटभर जेवतात आणि नायक आठव्या भागापर्यंत नायिकेचा हातही धरत नाही, त्यामुळे स्वयंपाकाची बाई घरात असतानाही आवाज मोठा ठेवून बघता येतं.

अडचण एकच होती, नावांची. जो तो किम नाहीतर पार्क. म्हणून सुगंधाताईंनी सोय केली होती. जो ज्याच्यासारखा दिसेल त्याला त्याचं नाव. अशा रीतीने सोलमध्ये त्यांच्या ऑफिसातला एक जुना लाइनमन पोलीस इन्स्पेक्टर झाला होता आणि त्यांची सख्खी नणंद एका मालिकेत विष घालत फिरत होती. मुलुंडला राहणारी धाकटी बहीण सपना त्याच मालिका बघायची. तिला ही सगळी नावं पाठ होती. दोघींचं रोज दुपारी व्हॉइस मेसेजवर परीक्षण चालायचं.

सध्याची मालिका एका मोठ्या कंपनीची होती. त्यात एक चेअरमन होता, जाड भुवयांचा, आणि तो अगदी सुगंधाताईंच्या सोसायटीच्या चेअरमनसारखा, म्हणजे विद्याधर पारकरांसारखा दिसायचा. साहजिकच तो विद्याधर झाला. मग त्याची सोशिक बायको आपोआप पारकरांच्या बायकोच्या नावावरून अनुपमा झाली. चेअरमनच्या मागे फायली घेऊन पळणाऱ्या तरुण सेक्रेटरीला तर शोधावंच लागलं नाही. सोसायटीचा सेक्रेटरी सुयोग गायकवाड बँकेत होता, तरुण होता आणि कायम कुठलीतरी फाइल काखेत घेऊन असायचा.

मंगळवारी दुपारी अकरावा भाग संपला आणि सुगंधाताई पेटल्या. पहिला मेसेज सपनाला नीट गेला. त्यात भागाचा आकडा होता, कोट कसा शिवलाय ते होतं, पावसाचं दृश्य उगाच लांबवलंय हेही होतं. तेवढ्यात फोनवर सोसायटीच्या ग्रुपचा निरोप आला की टाकी धुणार असल्यामुळे उद्या पाणी उशिरा येईल. सुगंधाताईंनी तो वाचला, बादल्या भरून ठेवायचं मनाशी ठरवलं आणि परीक्षणाचा दुसरा भाग तिथेच बोलून टाकला. चौसष्ट सभासदांच्या ग्रुपवर.

"तो विद्याधर मेला आतल्या गाठीचा आहे गं. बायकोला सांगतो मीटिंग आहे, आणि दर गुरुवारी त्या बाईच्या घरी जातो. सुयोग सेक्रेटरीला सगळं ठाऊक आहे, पण बोलला तर वाट लागेल म्हणून गप्प बसतो. आणि अनुपमा बिचारी देवमाणूस. मला विचारशील ना, तर तिने एकदा रिक्षा करून त्याच्या मागे जावं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघावं."

एवढं बोलून त्यांनी फोन चार्जिंगला लावला आणि बारावा भाग सुरू केला.

तो संपल्यावर फोन हातात घेतला, तर ग्रुपवर एक शब्द नव्हता. एरवी कुणी 'शुभ दुपार' टाकलं तरी तीस जण हात जोडायचे. वर सरकवून बघितलं तेव्हा स्वतःचाच मेसेज दिसला. घाईघाईने त्यांनी तो पुसला. पण पुसताना फोनने सगळ्यांसाठी की फक्त तुमच्यासाठी, असं काहीतरी विचारलं आणि गडबडीत त्यांचं बोट चुकीच्या ठिकाणी पडलं. त्यामुळे आता तो मेसेज जगात फक्त एकाच फोनवर नव्हता, सुगंधाताईंच्या. पुसला गेला असं समजून त्या निर्धास्तपणे चहा टाकायला गेल्या.

चहा उकळायच्या आत सुयोग दारात उभा होता. बँकेतून थेट आला होता, शर्ट घामाने चिकटलेला. दुपारपासून त्याला एकोणीस फोन आले होते आणि प्रत्येकाला एकच माहिती हवी होती, ती बाई राहते कुठे. मला काहीच माहीत नाही असं सांगितलं की समोरचा म्हणे, कळलं, बोलता येत नसेल तर राहू दे. त्याने राजीनामा लिहूनच आणला होता.

सुगंधाताईंनी त्याला खाली बसवलं आणि खरा प्रकार सांगितला. सुयोगने तो शांतपणे ऐकून घेतला.

"ताई, मालिका कोरियाची आहे."

"हो रे."

"आणि त्यात माझं नाव सुयोग आहे."

पुढे किती समजावलं तरी त्या दोन वाक्यांच्या पलीकडे तो गेला नाही. राजीनामा टेबलावर ठेवून, चहा न घेता निघून गेला. सुगंधाताईंनी मग ग्रुपवर लिहिलं की माझा मेसेज एका परदेशी मालिकेविषयी होता, गैरसमज नसावा. त्यावर चौथ्या मजल्यावरच्या कुणीतरी लगेच लिहिलं, 'ताई, घाबरू नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.' खाली सत्तावीस जणांनी हात जोडले. पंचवीस वर्षांत खोटं न बोललेल्या बाईवर दडपण आणलं जातंय, अशी बिल्डिंगची खात्रीच पटली.

पारकर स्वतः काहीच बोलले नाहीत, हे तर त्याहून वाईट होतं. एरवी पार्किंगमध्ये कुणाची सायकल आडवी दिसली तरी ते ग्रुपवर तीन परिच्छेद लिहायचे.

बुधवारी सकाळी अनुपमा पारकर आल्या. त्या भांडायला आल्या असत्या तर सुगंधाताईंना बरं वाटलं असतं. त्या शांतपणे बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सुगंधाताई, ती बाई कोण, एवढंच सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

सुगंधाताईंना रडूच आलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. भुवयांचंही सांगितलं. सांगता सांगता त्यांना जाणवलं की आपण एका बाईला, तुमचा नवरा आम्ही दुष्ट माणसाच्या जागी बसवलाय, असं समजावतो आहोत. पण आता मागे फिरायला जागा नव्हती. अनुपमाताईंनी एकच म्हटलं की मालिका असेल तर दाखवा. मला एकटीला नको, सगळ्यांसमोर दाखवा, कारण ऐकलंय सगळ्यांनी.

अशा तऱ्हेने रविवारी सकाळी साडेदहाला सोसायटीच्या ऑफिसात अकरावा भाग लावायचं ठरलं. तिथला टीव्ही एरवी गेटवरच्या कॅमेऱ्याला जोडलेला असे. वार्षिक सभेला ज्या सोसायटीत बारा माणसं जमवताना सुयोगच्या चपला झिजत, तिथे त्या दिवशी एकावन्न सभासद आले. काहींनी घरून खुर्च्या आणल्या. पारकर पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून बसले. अनुपमाताई त्यांच्या शेजारी बसल्या, पण मध्ये एक खुर्ची सोडून.

खालची इंग्रजी अक्षरं भराभर पळत होती, म्हणून सुगंधाताई टीव्हीशेजारी उभ्या राहून मराठीत सांगू लागल्या. सुरुवातीला त्या पडद्यावरून नजर न काढता बोलत होत्या. मग पडद्यावर चेअरमन आला आणि ऑफिसात एकदम कुजबुज झाली. त्या भुवया खरोखरच पारकरांच्या होत्या. मागून कुणीतरी फसकन हसलं. पुढे सेक्रेटरी काखेत फाइल घेऊन पळत आला तेव्हा खुद्द सुयोगला हसू आवरेना. त्यानंतर सुगंधाताईंची भीड चेपली. कोण कुणाचा कोण, चेअरमनच्या आईने कागद कुठे लपवलेत, ही मुलगी आत्ता का रडतेय आणि या लोकांकडे कुणाला थोबाडीत मारायची तर आधी पाण्याचा ग्लास तोंडावर का फेकतात, हे सगळं त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की भाग संपल्यावर कुणी उठेना. बारावा लावा, अशी मागणी झाली. सुयोगने राजीनाम्याचा कागद मागून घेतला आणि खिशात घातला. पारकर उठून उभे राहिले, मोकळेपणाने हसले, एकूण कोट बरा होता असं म्हणाले आणि सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने चहा मागवला.

सुगंधाताईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. माणसं पांगली, घरून आणलेल्या खुर्च्या परत गेल्या. त्या टीव्हीची वायर परत कॅमेऱ्याला जोडत होत्या. पारकर पती-पत्नी दाराशी पोचले होते. तिथे अनुपमाताई थांबल्या.

"सगळं पटलं मला," त्या म्हणाल्या. "फक्त एक सांगा. ती कोरियातली मीटिंग खोटी होती. आणि या गुरुवारी तुम्ही घरीच थांबलात. तुमची गुरुवारची मीटिंग कुठे असते?"

पारकरांच्या भुवया एकदम वर गेल्या. सोसायट्यांच्या फेडरेशनची, असं काहीसं ते पुटपुटले. अनुपमाताईंनी सांगितलं की फेडरेशनमध्ये मी काल फोन केला होता, तिथे गुरुवारी सुट्टी असते. सुगंधाताईंना जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. दार एकच होतं आणि त्यात ते दोघं उभे होते.

शेवटी पारकर रिकाम्या पिशवीसारखे खुर्चीत बसले आणि बोलले. बाई खरंच होती. खारदांड्याला राहत होती. सोनूबाई नाव. वय सत्तरच्या पुढे. ती घराच्या पडवीत चार टेबलं टाकून दुपारी जेवायला घालायची. पारकर मूळचे वेंगुर्ल्याचे, आईने नातवाच्या आजारपणात गुरुवारचा नेम धरलेला, तेव्हापासून घरात गुरुवारी मासळी शिजत नसे. आईला दुखवायचं नव्हतं, बायको श्रद्धेने पाळते तिला दुखवायचं नव्हतं, आणि मासळीशिवाय चोवीस तास काढायचेही नव्हते. म्हणून नऊ वर्षं ते गुरुवारी दुपारी खारदांड्याला जाऊन बोंबील खात होते आणि येताना बडीशेप चावत होते.

हे सांगताना माणूस इतका केविलवाणा दिसत होता की सुगंधाताईंना त्याची कणव आली. अनुपमाताईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांच्या खांद्यांची हालचाल झाली. सुगंधाताईंना वाटलं, रडतायत. पण त्या हसत होत्या.

"एवढंच होय?" त्या म्हणाल्या. "चार दिवस झोपले नाही मी." मग डोळे पुसून त्यांनी जाहीर केलं की येत्या गुरुवारी मीही येणार. नेम आहे, जेवणार नाही, पण ती बाई मला बघायची आहे. आणि सुगंधाताई, तुम्ही पण यायचं. रिक्षा करून मागे जा, असा सल्ला तुमचाच होता.

गुरुवारी तिघं एकाच रिक्षातून खारदांड्याला गेले. सोनूबाईंची पडवी स्वच्छ होती, समोर कुणी जाळी वाळत घातली होती. सोनूबाईंनी पारकरांना बघून मान हलवली आणि न विचारता ताट वाढलं. अनुपमाताई नुसता भात घेऊन बसल्या. तळलेल्या बोंबलांचा वास सुटला तेव्हा त्या दोनदा पाणी प्यायल्या. पण त्यांची मनःस्थिती उत्तम होती. त्यांनी सोनूबाईंच्या हाताचं कौतुक केलं, मुलाबाळांची चौकशी केली आणि मोठ्या मनाने सांगितलं की आमच्याकडे गुरुवारी मासळी करत नाहीत, तेव्हा तुम्ही यांची आबाळ होऊ दिली नाहीत, उपकार आहेत.

सोनूबाई रश्शाची वाटी हातात घेऊन थबकल्या.

"गुरवारचा काय त्यात?" त्या म्हणाल्या. "शेट तर रविवारी पन येतात सकालचे. घरचा कालवन पानचट लागतं, बोलतात."

रविवारी सकाळी पारकर डॉक्टरच्या सांगण्यावरून चालायला जात. गेली सहा वर्षं. आणि रविवारी अनुपमाताई घरी सुरमईचं कालवण करत.

पारकरांचा घास हातातच राहिला. अनुपमाताईंनी भाताचं ताट बाजूला सारलं आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं, जपानी सिनेमात बघतात तसं. सुगंधाताईंनी मान खाली घातली. कोरियन लोकांनी भाग नेमका इथे संपवला असता, वर चांगलंसं गाणं लावलं असतं आणि पुढचं बघायला आठवडा दिला असता. इथे मात्र तासाभराने तिघांना एकाच रिक्षातून अंधेरीला परत जायचं होतं, आणि खारदांड्याला येताना मधल्या जागेवर सुगंधाताईच बसल्या होत्या.