धनलालकाकांचे मजूर

धूरफवारणीचं यंत्र घेऊन ग्रामपंचायतीचा माणूस गल्लीत शिरला, की आमचे शेजारी धनलालकाका आपल्या फाटकात आडवे उभे राहायचे. "काऊन मारता बाप्पा? माहे मजूर आहेत थे!"

मजूर म्हणजे चिलटं. साधी, नाकातोंडात जाणारी चिलटं. काकांच्या परसात केळीचे बुंधे मुद्दाम सडत ठेवलेले असत. त्यांत ही प्रजा वाढे आणि आमच्या वरणात येऊन मरे. तक्रार केली की काका म्हणत, "थोडा दम धरा जी गुरुजी, ड्युटी करून राहिले थे."

ड्युटी कोकोच्या फुलांवर. गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या धानाच्या गावाला चॉकलेटची झाडं लावून वर आणायचं, असं कुठल्याशा संस्थेने ठरवलं होतं. फुकट म्हणून सगळ्यांनी रोपं घेतली. अर्धी बकऱ्यांनी खाल्ली, अर्धी उन्हाने. संस्थाही फार उन्हाळे टिकली नाही. राहिलं काकांचं एक झाड. मे महिन्यात काका घामाने निथळत बसत आणि घरातला कूलर खिडकीतून झाडाकडे तोंड करून लावत.

त्या संस्थेत मेघा नावाची संशोधक पोरगी होती. चिलटं बसल्याशिवाय कोकोला फळ धरत नाही, हे तिनेच काकांना सांगितलेलं. दर आठवड्याला यायची, झाड बघायची, काकांच्या हातची भाकर खायची. काकू गेल्यापासून त्या घरात दुसरं ताट निघे ते तिच्यासाठीच. संस्था उठली तेव्हा जाताना म्हणाली, "फळ धरलं की फोन करा काका, मी नक्की येईन." शहरातली माणसं 'नक्की' हा शब्द प्रसादासारखा वाटत जातात.

यंदा फळ धरलं. एकच, पण पिवळंधमक. काकांनी मला बोलावून फोन लावायला लावला, आवाज मोठा करून.

"कोण? हां, काका. अहो, तो प्रकल्प कधीच बंद झाला. काढून टाका ते झाड, उगाच पाणी वाया. मी मीटिंगमध्ये आहे."

माझं डोकं सणकलं. काका मात्र घाईघाईने म्हणाले, "काढतो ना बाई. तुमी जेवल्या का?"

फोन कधीच ठेवला गेला होता.

दुसऱ्या दिवशी धुराचं यंत्र आलं. काकांनी स्वतःच फाटक उघडलं. "या जी. कामच नाई, त मजूर कायले ठेवाचे?"

मग काय वाटलं कोण जाणे, त्या माणसाला थांबवून ते झाडाकडे गेले. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी त्या एकुलत्या फळाला नीट गुंडाळला.

"पोरगी आलीच कधी," ते मला म्हणाले, "त धुराचा वास नोको लागाले."