सेतुरावांची सात बेटं

अंगात फणफणून ताप, डोळे लाल, गळ्याभोवती मफलर, अशा अवतारात सेतुराव कचेरीत आले. मद्रासच्या मे महिन्यात मफलर! मी म्हणालो, "अहो, घरी पडून राहायचं ना."

"पडून राहिलों तर सेंट लुशियाचा अर्धा दिवस जातो, तंबी," ते म्हणाले आणि हजेरीपटावर सही केली.

तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. मी मिरजेहून नोकरीसाठी मद्रासला आलो, तेव्हापासून ते मला असंच हाक मारत. बंदराजवळच्या एका जहाज एजंटाकडे आम्ही दोघं होतो. ते मालाच्या याद्या करत, मी टपाल बघे. ते तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला वाटलं, एखादी जुनी बखर डबा उघडून इडली खाते आहे. मधूनमधून तमिळ, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "शरि, शरि". म्हणजे बरं, बरं.

सेतुरावांना वेस्ट इंडीजला जायचं होतं. छोटी सहल. बार्बाडोस, त्रिनिदाद, टोबॅगो, ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुशिया, डोमिनिका अशी सात बेटं, प्रत्येकी दोन-तीन दिवस. जाणं-येणं मात्र तीन महिन्यांचं. एग्मोर स्टेशनहून बोटमेल गाडी, मग कोलंबो, तिथून लंडन, लंडनहून बार्बाडोस आणि पुढे मिळेल त्या शिडाच्या होडीनं. एवढी सलग रजा कोण देणार? म्हणून ते रजा साठवत. लग्नकार्याला रजा नाही, आजारपणाला नाही. बेटांमधल्या होड्यांचा भरवसा नसे, त्यामुळे दर बेटामागे आठवडाभर जास्तीचा धरावा लागे आणि रजा कायम अपुरी पडे.

वेस्ट मांबलमच्या त्यांच्या घरी, देवांच्या तसबिरींशेजारी, सहलीचं वेळापत्रक टांगलेलं होतं. दर शनिवारी मी तिकडे जेवायला जाई आणि दर शनिवारी ते बदललेलं असे. एकदा राहुकाळाचा घोळ झाला. राहुकाळात प्रस्थान ठेवायचं नाही, हे तर झालंच. पण तिथे राहुकाळ धरायचा तो मद्रासच्या घड्याळानं की बार्बाडोसच्या? गल्लीतल्या शास्त्रीबुवांना विचारायला आम्ही दोघं गेलो. बुवांनी बराच वेळ पंचांग चाळलं, मिटलं आणि म्हणाले, "राव, राहू समुद्र ओलांडत नाही. तुम्हीपण ओलांडू नका."

वहिनींनी सांबारपुडीच्या, म्हणजे सांबाराच्या मसाल्याच्या, सात पुड्या बांधून ठेवल्या होत्या, दर बेटाला एक. वर्षभरानं वास उडाला की त्या जुन्या पुड्या घरात वापरत आणि नव्या बांधत. "आज आमटीत त्रिनिदाद घातलंय," असं वाढताना म्हणत. सेतुराव चाखून सांगत, "त्रिनिदाद खारट झालं."

हे सगळं मी सोमवारी कचेरीत रंगवून सांगे. सेतुरावांना 'कोलंबस' हे नाव मीच ठेवलं. ते आत आले की कोणीतरी ओरडे, "जमीन दिसली काय हो?" ते हसत. "नाही पा, अजून पाणीच."

लोकांना ते चक्रम वाटत. ते चक्रम नव्हते. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. कचेरीत माहीत असलेला मी एकटाच. तेच सांगायला बसलो आहे.

पंचू हा त्यांचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर सेतुरावांनीच त्याला वाढवलं. सोळाव्या वर्षी शाळा बुडवून तो बंदरावर हिंडायला लागला, म्हणून सेतुरावांनी त्याला छत्रीच्या दांड्यानं मारलं. त्याच आठवड्यात तो कुठल्याशा जहाजावर चढून नाहीसा झाला. पुढे बारा वर्षांनी त्याचं पत्र आलं. घर बदललं असेल या अंदाजानं, कचेरीच्या पत्त्यावर.

कचेरीचं टपाल फोडायचं काम माझं. परदेशी तिकिटं टपाल फोडणाऱ्याची, असा तिथला रिवाज होता. पाकिटं उघडायची, आतला कागद एका बाजूला सरकवायचा आणि कात्रीनं तिकिटाचा कोपरा कापून घ्यायचा. त्या दिवशी मी पंचवीस-तीस कोपरे कापले. त्यातलं एक पाकीट खासगी होतं, हे नाव न बघताच कापल्यामुळे मला कळलं नाही. संध्याकाळी खोलीवर जाऊन सगळे कोपरे पाण्यात भिजत घातले. तिकिटं सुटली, ती अल्बमात लावली, लगदा मोरीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सेतुराव माझ्या टेबलाशी आले. हातात ते पाकीट. पत्र त्यांनी मलाच वाचायला दिलं. "दादा, मी वेस्ट इंडीजात आहे, सुखरूप आहे. राग गेला असेल तर पाकिटाच्या पाठीवरल्या पत्त्यावर दोन ओळी लिही. उत्तर नाही आलं तर समजेन, अजून गेला नाही."

तिकिटाच्या बरोबर मागे, पाठीवर, पत्ता होता.

"तंबी, हा कोपरा?"

खासगी पत्र कापलं म्हणून नोकरी गेली असती. मी म्हणालो, "आलं तेव्हा असंच होतं. गोणीत फाटलं असेल."

"शरि, शरि," ते म्हणाले.

पत्ता मोरीतून गेला होता, पण तिकीट माझ्या अल्बमात होतं आणि त्यावर बेटाचं नाव स्पष्ट छापलेलं होतं. ग्रेनाडा. एवढा एक शब्द मला सांगता आला असता. सेतुरावांनी सातही बेटांच्या पोस्टमास्तरांना पत्रं घातली. कोणी 'असा मनुष्य नाही' म्हणून कळवलं, कोणी काहीच कळवलं नाही. "पंचूनं नाव बदललं असणार. स्वतः जाऊन तोंड बघितल्यावाचून सापडायचा नाही," असं म्हणून ते रजा साठवायला लागले. एकाच बेटाला जायचं असतं, तर ती पहिल्या पाच वर्षांतच पुरली असती.

आधी भीतीनं बोललो नाही. मग दर शनिवारी त्यांच्या पानावर जेवत होतो म्हणून बोललो नाही. दहा वर्षं गेली.

निवृत्ती वर्षावर आली तेव्हा एका शनिवारी सेतुरावांनी वेळापत्रक खाली काढलं. "रजा सहाच बेटांस पुरते. एक सोडावं लागेल. ग्रेनाडा लहान आहे. सोडूं काय?"

"ग्रेनाडा सोडू नका," मी म्हणालो. फार लवकर म्हणालो.

"कां?"

"असंच. नाव बरं वाटतं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पंचूस मारलं, हे मी बारा वर्षं कोणास सांगितलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा तुज सांगितलं, मग हलकं वाटलं, तंबी." आणि थांबले. मी सांगावं म्हणूनच थांबले होते. मी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

पुढच्या शनिवारी वेळापत्रकावर एकच बेट होतं. सगळे दिवस ग्रेनाडाला.

ते गेले, आणि साडेतीन महिन्यांनी परत आले. त्यांना आणायला मी एग्मोरला गेलो होतो. डब्यातून उतरताच म्हणाले, "सांपडला पंचू! पोट सुटलंय. सांबार केलं, तर चार वाट्या प्याला!" कचेरीत येऊनही त्यांनी अशा गमती सांगितल्या की सगळे पोट धरून हसले. सर्वांत जास्त मी हसलो. सुटलो, असं वाटलं. शेवटी सगळं नीट झालं होतं, मग आता सांगून काय उपयोग? पुढली सहा वर्षं, सेतुराव होते तोवर, मी सुखानं झोपलो.

त्यांच्या तेराव्याला वहिनी मला माजघरात घेऊन गेल्या.

"पंचू तिकडे भेटलाच नाही," त्या म्हणाल्या. "हे पोचायच्या दोन वर्षं आधीच वारला होता. घरमालकिणीनं सांगितलं, दर जहाजाला टपाल बघायला जायचा. हे नुसते त्याच्या खोलीत बसून आले. मज म्हणाले, कोणासही सांग, तंबीस मात्र सांगूं नको."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तुमच्यापासूनच कां लपवावं? तुम्हास कांही ठाऊक आहे?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो.