कर्नल सबनिसांची खुली लाइन

कर्नल सबनीस भेटले की नमस्काराच्या आधी तुमचा फोन मागतात. द्यावा लागतो. मग ते चष्मा सावरून त्याच्या आत कुठे कुठे शिरतात. फोन परत येतो तेव्हा पांढरा पडदा सायीच्या रंगाचा झालेला असतो आणि अक्षरं एवढी मोठी की 'सुप्रभात, आपणा' इतकंच मावतं. 'सर्वांना' वाचायला अंगठा सरकवावा लागतो.

"आता कसं मोकळं झालं," ते म्हणतात. म्हणजे कुजबुजतात. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज तेवढाच उरला आहे. एवढा सहा फुटी माणूस कानाशी येऊन "खुली लाइन चल" असं कुजबुजला की समोरचा दचकून मागे सरकतो. म्हणजे हुकूम पाळलाच जातो.

खुली लाइन ही परेडमधली आज्ञा. जवानांच्या रांगांनी एकमेकींपासून लांब व्हायचं, म्हणजे साहेबाला मधून फिरून प्रत्येक माणूस नीट बघता येतो. कर्नलांच्या मते मजकुरालाही हाच नियम लागू आहे.

"ओळी अशा एकमेकींच्या डोक्यावर बसल्या तर शब्दांची तपासणी कशी करणार, वनस्पतीबाई?" मी इथे उत्तरेत, सीतापुऱ्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून मी वनस्पतीबाई. तिरकी अक्षरं दिसली की म्हणतात, "हा शब्द प्यायलाय. सरळ उभा करा." परिच्छेदाच्या दोन्ही कडा सारख्या केल्या तर त्यांना ते अजिबात खपत नाही. "कड सरळ दिसावी म्हणून मधे भोकं पाडायची? उजवी बाजू फाटकी राहू द्या. कुणाचं लग्न अडलंय?"

मालवीय नगरातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी माथुरजी. त्यांना सौंदर्याची आवड. पाण्याची टाकी धुणार असल्याची नोटीससुद्धा ते ग्रुपवर गुलाबी रंगात, चारी कोपऱ्यांत मोर काढून टाकतात. कर्नल ती दुरुस्त करून परत टाकतात. मोर गेलेले असतात. उरतात काळी ठसठशीत अक्षरं, ओळीत चार शब्द. एकदा माथुरजींनी वैतागून लिहिलं, "कर्नल साब, ये नोटिस है या आँखों की जाँच?"

कर्नलांनी उत्तर दिलं, अर्थात मोठ्या अक्षरांत, "नोटिस."

मराठी मंडळाचं गणेशोत्सवाचं पत्रक मी एका पानात बसवलं होतं. त्यांनी त्याची सात पानं केली. 'अथर्वशीर्षपठणानंतर' हा शब्द चार तुकडे होऊन आला. मी विचारलं तर म्हणाले, "इतका लांब शब्द एकटा सोडू नये. वाटेत हरवतो."

मंडळात यावर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं मोतीबिंदू, कुणी म्हणालं निवृत्ती. सविताकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, विचारावं तर त्या हसून पुरणपोळीचं ताट पुढे करायच्या. काकू स्वयंपाकात, गाण्यात, माणसं जोडण्यात पटाईत. फक्त मंडळात काही वाचून दाखवायला सांगितलं की त्यांचा घसा बसायचा.

मग माथुरजींच्या मुलीचं लग्न निघालं. फोनवर निमंत्रण आलं ते मरून रंगावर सोनेरी वेलबुट्टीचं, अक्षरंही त्याच वेलीला फुटलेली. हळद सीतापुऱ्याकडे, लग्न बस्सी गावाजवळच्या एका बागेत, हे कुणालाच धड कळलं नाही. कर्नलांनी निमंत्रणाची खुली लाइन करून ग्रुपवर टाकली. माथुरजींच्या घरच्यांनी ते फार मनाला लावून घेतलं.

लग्नाच्या संध्याकाळी मी सबनिसांच्या गाडीतून निघाले. कर्नल चालवत होते, मी त्यांच्या शेजारी. मागे काकू फोन घेऊन बसल्या होत्या. आग्रा रोडला बस्सी जवळ आलं तसं त्या वाचू लागल्या. पडद्यावर एकच ओळ उजळलेली, बाकीच्या मंद. त्या ओळीवर बोट ठेवून त्या एकेक शब्द उचलत होत्या.

"बस्सी... चौ... चौराहे से आगे... पे..."

तेवढ्यात पेट्रोल पंप आला. त्यापुढे डावीकडे बागेची कमान दिव्यांनी लखलखत होती, बँड ऐकू येत होता. कर्नलांनी गाडी कडेला घेतली आणि समोर बघत बसून राहिले. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. मी कमानीकडे हात करणार, तोच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मांडीवर ठेवला.

"पेट्रोल... पंप के बाद... दाएँ," काकू म्हणाल्या. थांबल्या. बोट मागे नेलं. "नाही. बाएँ."

"बाएँ," कर्नल म्हणाले. आपल्याला हे आत्ताच कळलं अशा थाटात त्यांनी गाडी वळवली.

आत हिरवळीवर काकू बायकांत मिसळल्यावर ते माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. विचारावं लागलं नाही.

"मिरजेच्या शाळेत अक्षरं तिच्यासमोर जागा बदलायची," ते म्हणाले. "ध चा घ. पहिली वेलांटी दुसरीच्या जागी. मास्तरांनी मठ्ठ ठरवून टाकलं. लग्नानंतर प्रत्येक पोस्टिंगच्या गावी, वाचायची वेळ आली की तिचा घसा बसायचा. शेवटी ऑपरेशन माझं झालं."

लग्न झाल्यापासून, घरी असले की रोज संध्याकाळी ते काकूंना कादंबऱ्या वाचून दाखवत. आवाज गेला आणि ते थांबलं. पुण्यात त्यांची भाची शिकायला अडचण येणाऱ्या मुलांना शिकवते. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, काकूंचं डोकं उत्तम आहे, ह्याला डिस्लेक्सिया म्हणतात. मग टॅबलेटवर अक्षरं कशी मोठी करायची, ओळी एकमेकींपासून लांब कशा करायच्या, रंग कसा बदलायचा, शब्द कसा तोडून दाखवायचा, हे कर्नल तिच्याकडून शिकले. टॅबलेटमधली एक बाई मजकूर वाचतेही. तिला ळ म्हणता येत नाही. "बाला, जेवून घे," असं काहीतरी म्हणते. कर्नल म्हणतात, ही कुठल्याच जिल्ह्यातली नाही.

"पण तुम्ही आमचे सगळ्यांचे फोन का..." मी विचारलं.

"ती कुणाचा फोन हातात घेईल सांगता येत नाही. सगळेच तयार असलेले बरे."

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी ते माझ्या दारात उभे होते. फोन मागितला नाही, तेव्हाच मला शंका आली.

"एक अडचण झालीये," ते कुजबुजले. "सविता आता जुन्या कादंबऱ्या स्वतः वाचतेय. मी वाचून दाखवलेल्या."

"मग चांगलंच आहे की."

"मी शेवट बदलायचो."

मी त्यांना बसायला सांगितलं.

"ती फार रडायची हो. कुणी मेलं की दोन दिवस जेवायची नाही. मी सरहद्दीवर जाणारा माणूस, घरात आणखी मरणं कशाला? म्हणून मी कुणाला मरूच दिलं नाही. क्षयाचा एक पेशंट होता, त्याला डेहराडूनला बदली दिली. एक मुलगी विहिरीत उडी घेते, तिला मी नाशिकला शाळेत नोकरीला लावलं. आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणीच गेलं नाही, वनस्पतीबाई. आणि आता ती त्या विहिरीपाशी आलीये. चार पानं उरलीत."

तुम्ही जरा बघून या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी गेले. काकू खिडकीत टॅबलेट घेऊन बसल्या होत्या. डोळे पुसलेले दिसत होते.

"ह्यांनी पाठवलं ना?" त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं गं. शेवट जवळ आला की हे चष्मा काढून वाचायचे. चष्म्याशिवाय ह्यांना पेपरचं नावसुद्धा दिसत नाही."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? इतक्या मेहनतीनं जगवायचे एकेकाला." त्यांनी पडद्यावरून हात फिरवला. "पण खरं काय झालं ते कळावं असं वाटायचं. कुणासाठी रडायचं राहून गेलं, ते. ही तर विहिरीतच गेली बघ."

कर्नल माझ्यामागून आलेच होते. ते दारात उभे राहिले. आत यावं की नाही हे ठरत नसावं.

"झालं वाचून?" त्यांनी विचारलं.

"झालं," काकू म्हणाल्या आणि टॅबलेट पालथा घातला. "नोकरी लागली तिला. नाशिकला."

पुस्तकात काय आहे हे कर्नलांना ठाऊक होतं. त्यांनी खिडकीशी खुर्ची ओढली आणि काकूंच्या शेजारी बसले.

"शाळा बरी आहे का?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे," काकू म्हणाल्या. "मुलं ऐकतात तिचं."