नाल्यावरचं जनमत

आरमोरीहून आडवाटेला असलेल्या त्या गावात पुलाबाबत दुमत नव्हतं, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू झाली. पूल साऱ्यांनाच हवा होता. लालसूला तर फारच. त्याची मुलगी सोमारी नववीत, शाळा नाल्यापलीकडे, आणि पावसाळ्यात शाळेपेक्षा नालाच नियमित भरायचा.

पण शासनाला नुसता पूल बांधायचा नव्हता. जनमताचा आदर करून बांधायचा होता. म्हणून टॅब घेऊन दिव्या मॅडम पाहणीला आल्या.

"पूल हवा की नको?"

लालसूनं आधी त्यांना पाणी दिलं. "बाकीचे काय म्हनतात?"

"तुमचं स्वतःचं मत सांगा, भाऊ."

"सांजच्याले सारे बसतो, मंग सांगतो. मोहफुलं वेचाले कोन्त्या दिवशी जायचं, हेबी आमी बसूनच ठरवतो. एकट्यानं बोलनं बरं दिसत नाई, मॅडम."

"एकत्र बसलात तर पाहणीचा नमुना बिघडतो." नियमच तसा होता.

बेचाळीस घरांनी हेच उत्तर दिलं. टॅबमध्ये त्यासाठी चौकोन नव्हता. जवळात जवळचा चौकोन 'सांगता येत नाही' हा होता. तोच भरला गेला. अहवाल गेला : गाव शंभर टक्के संभ्रमात. पेपरवाल्यांना नुसता संभ्रम अळणी वाटला. त्यांनी छापलं, 'पुलावरून गावात दोन तट'.

लालसूनं पेपर आपल्या शेजाऱ्याला, झाडूला दाखवला. वीस वर्षं दोघं एकाच पुडीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा खात आले होते.

"दुसरा तट कोन्ता गा?"

"मलेबी नाई मालूम. पन छापलं हाय म्हंजे असनच कुठीतरी."

तट आहेत म्हटल्यावर पुढारी जीप घेऊन आले. एका पक्षानं पुलाची बाजू घेतली; दुसऱ्याला नाइलाजानं उरलेली घ्यावी लागली. त्यांनी झाडूच्या गळ्यात हार घातला. हार पडलेल्या माणसाला मत असावं लागतं. महिन्याभरात झाडूचं मत पक्कं झालं : पुलानं नाल्याचा मान जातो. वीस घरांना ते पटलंही. खर्ऱ्याच्या पुड्या वेगळ्या झाल्या.

"काऊन गा, तुही नात तं त्याच शाळेत जाते," लालसू म्हणाला.

"जाते ना. पन आता पक्ष हाय, भाऊ."

दुसऱ्या पाहणीत 'बाकीचे काय म्हनतात' असं कोणीच विचारलं नाही. ते आता पाठ होतं. एकवीस हो, एकवीस नको. साहेबांनी चष्मा पुसून शेरा मारला, 'जनमताचा तंतोतंत आदर व्हावा.'

त्यानुसार अर्धा पूल बांधण्यात आला. उद्घाटनाला दोन्ही पक्षांनी आपापल्या विजयाचे फटाके फोडले. पावसाळ्यात सोमारी रोज सायकलनं पुलाच्या टोकापर्यंत जाते आणि शाळा पाहून परत येते.

सांजच्याला लालसू आणि झाडू त्या टोकावर पाय सोडून बसू लागले. पुडी पुन्हा एकच झाली.

"पुरा असता तं बरं झालं असतं," झाडू म्हणाला. "मले पहिलेपासून तसंच वाटे."

"मंग बोलला काऊन नाई?"

"आपल्याले कोनी संग बसूच कुठी देल्लं?"

एवढ्यात दिव्या मॅडम समाधान-पाहणीचा टॅब घेऊन आल्या. "पुलाबाबत समाधानी आहात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बाकीचे काय म्हनतात?"

वाचकहो, ही कथा आवडली की नाही, तेवढं हो किंवा नाही असं सांगा. फक्त त्याआधी शेजारच्याच्या तोंडाकडे पाहू नका. नमुना बिघडतो.