देऊळघाटची एकेचाळीस जणांची टीम

भांडणाऱ्या माणसांना समोरासमोर बसवून त्यांच्यात एकमत घडवून आणणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी दीड-दोन महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारी सकाळी दहा वाजेपर्यंत सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो. त्यात माझा फारसा दोष नाही. मी चार तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं होतं, त्याचं प्रमाणपत्र आलं होतं, आणि ते फ्रेम करून देऊळघाटच्या आमच्या घरात टीव्हीच्या वर लावलं होतं. प्रमाणपत्राला फ्रेम आली की माणसाला शिंगं फुटतात.

मी अश्वजित. शेतकऱ्यांना फोनवर पिकाचा सल्ला देणारी एक कंपनी आहे, तिच्या बुलडाण्याच्या टीमचा मी प्रमुख. टीम म्हणजे चार माणसं. प्रज्वल आणि रुपाली बुलडाण्याच्या ऑफिसात बसतात. संघर्ष शेगावहून आणि पायल लोणार तालुक्यातल्या बीबीहून, असे दोघं घरून काम करतात. मी तीन दिवस ऑफिसात, दोन दिवस घरी. माणसं चार, पण भांडणं चाळीस माणसांची!

ऑफिसवाले म्हणायचे, "घरचे लोक फोनच उचलत नाहीत. नावापुढं हिरवा ठिपका, अन् माणूस गायब!" घरचे म्हणायचे, "ऑफिसचे लोक चहाच्या टपरीवर उभे राहून सगळं ठरवतात, आम्हाला आठ दिवसांनी कळतं."

शेवटी व्हायचं तेच झालं. रंगराव नावाच्या एका शेतकऱ्यानं सोयाबीनवरच्या अळीसाठी फोन केला. प्रज्वलनं सांगितलं, उद्याच फवारा. दुपारी त्यांनी पुन्हा फोन केला, तो पायलकडं गेला. ती म्हणाली, उद्या पाऊस आहे, अजिबात फवारू नका. रंगरावांनी तिसरा फोन थेट पुण्याच्या मुख्य ऑफिसला लावला, "तुमच्यावाले लोक एकमेकाशी बोलतात का नाही? का तुमच्यात सोयरीक तुटेल हाये?"

पुण्याच्या रेणुका मॅडमचा मेल आला. शुक्रवारपर्यंत टीमनं एकत्र कसं काम करायचं ते ठरवून लेखी कळवा. नाही ठरलं तर एक तारखेपासून पाचही दिवस सगळे ऑफिसात.

हे वाचून पायलचा मला फोन आला. नेहमी चुरचुरीत बोलणारी पोरगी, पण आवाज अगदी बारीक झाला होता. "सर, बीबीहून बुलडाणा म्हणजे दोन गाड्या बदलून जायचे अडीच तास, यायचे अडीच. माझी आरोही आठ महिन्यांची आहे. मला राजीनामाच द्यावा लागंल."

"पायल," मी टीव्हीच्या वर बघत म्हणालो, "घाबरू नको. मी आहे ना!"

गुरुवारी सकाळी दहाची बैठक ठरवली. कोणी जवळचा, कोणी लांबचा असं वाटू नये म्हणून सगळ्यांनी आपापल्या फोनवरूनच यायचं. मी घरून. बत्तीस स्लाइड तयार. पावणेदहाला मी टीमच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली ठसक्यात लिहिलं: "सर्वांनी बरोबर दहाला यावे. प्रत्येकाने आपण काय करणार आणि काय जमणार नाही, हे आज सर्वांसमोर सांगायचे आहे. जो गैरहजर राहील त्याची तक्रार नंतर ऐकून घेतली जाणार नाही."

त्या ग्रुपचं नाव 'कामाची टीम'. निदान मला तसं वाटलं.

दहाला बैठक उघडली तर काय! आठ माणसं, चौदा, तेवीस, एकेचाळीस! माझ्या अंगावर काटा आला. पुण्यानं सगळ्या शाखा आणून बसवल्या वाटतं! प्रमाणपत्राची बातमी तिथवर पोचलेली दिसते! मी शर्टाची कॉलर सारखी केली, गोंगाट नको म्हणून सगळ्यांचे आवाज बंद केले आणि स्लाइड लावल्या. स्लाइडनी सगळी स्क्रीन व्यापली, त्यामुळे चेहरे काही दिसेनात. दिसायची गरजही वाटली नाही. माझाच आवाज मला इतका गोड लागत होता!

बारा मिनिटं मी बोललो. परस्पर विश्वास, परस्पर आदर, परस्पर अपेक्षा. 'परस्पर' हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा कधी वापरला नव्हता. मग नाट्यमय आवाजात म्हणालो, "आता मी आपले आवाज सुरू करतो. पहिला प्रश्न. आपल्याला एकमेकांकडून नेमकी काय अपेक्षा आहे?"

एक भरदार आवाज आला, "मांडव!"

"क्षमस्व?"

"मांडव येळेवर पाहिजे बे! मागच्या खेपेले पाव्हने उन्हात बसले होते!"

हा आवाज मी ओळखत होतो. पुण्याच्या ऑफिसात हा आवाज असणं शक्य नव्हतं. मी घाईघाईनं स्लाइड काढल्या.

स्क्रीनभर माझे नातेवाईक! कचरूमामा ट्रॅक्टरवर बसलेले. झुंबरकाकूंचा नुसता कान, कारण त्यांनी फोन कानाला लावला होता. एका चौकोनात छताचा पंखा, एका चौकोनात म्हशीचं तोंड, आणि ती म्हैस बाकीच्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होती. आणि बाबांचा आवाज मला दोनदा ऐकू आला, एकदा लॅपटॉपमधून आणि एकदा भिंतीपलीकडून. "अश्वजित लय चांगलं बोलून राह्यला, पन काय बोलून राह्यला?"

झालं होतं असं. माझी धाकटी बहीण मंजुश्री. तिचं लग्न दीड महिन्यावर. त्यासाठी नातेवाइकांचा एक ग्रुप होता, 'मंजूच्या लग्नाची टीम'. त्या ग्रुपवर मी दोन महिन्यांत एक अक्षर लिहिलं नव्हतं. आणि आज एकदम हे फर्मान!

"मले वाटलं नव्हतं," सिंधूआत्या पदर डोळ्याला लावून म्हणाली, "आपला अश्वजित एवढं मनावर घेईन! सगळ्याइले एका जागी आनलं पोरानं!"

आता कुठल्या तोंडानं सांगणार की चूक झाली?

तेवढ्यात प्रज्वलचा फोन. "सर, सव्वादहा झाले. लिंक कुठं आहे?" मी घामाघूम झालो. टीमसाठी नवी लिंक काढायची आणि ही बैठक बंद करायची, दोनच गोष्टी होत्या. पण घाईत मी टीमच्या ग्रुपवर जुनीच लिंक टाकली. ग्रुपवर रेणुका मॅडमही होत्या. आणि बैठक बंद करायला गेलो, ते कुठलं तरी दुसरंच बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं उमटली: 'आता सिंधू आत्या या बैठकीच्या होस्ट आहेत.'

म्हणजे आता मी बैठक बंदही करू शकत नव्हतो!

एकेक करून माझी टीम आत आली. प्रज्वल. रुपाली. संघर्ष. मांडीवर पोरगी घेतलेली पायल. सगळ्यात शेवटी रेणुका मॅडम, पुण्याच्या काचेच्या केबिनमधून. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण त्या वेळी जमीन दुभंगली असती तर मी कोणाचेही आभार मानले असते.

"ह्या बाई कोन?" आत्यानं विचारलं.

"नमस्कार, मी पुण्याहून रेणुका."

"जयभीम, जयभीम. नवरीकडच्या का नवरदेवाकडच्या?"

"मधल्या," त्या म्हणाल्या. "चालू द्या तुमचं. मी ऐकते."

आणि मग सिंधूआत्यानं सुरुवात केली. आत्या म्हणजे बत्तीस वर्षं अंगणवाडी सेविका. पन्नास पोरं, त्यांच्या पन्नास आया आणि एक मोडका वजनाचा काटा सांभाळलेली बाई. तिनं ना स्लाइड लावली, ना 'परस्पर' म्हणाली. ती म्हणाली, "कोन काय करनार ते मंग पाहू. आधी हे सांगा, कोनाले काय जमनार नाही. अन् लांबचे आधी बोलतीन. गावातले आपुन रोजच बोलतो."

मी बघतच राहिलो. प्रशिक्षणाच्या चार तासांत हे कोणी सांगितलं नव्हतं!

लांबचे बोलू लागले. नागपूरची चुलतबहीण म्हणाली, चार दिवस आधी येणं जमणार नाही, पण सगळ्या पाहुण्यांना फोन मी करीन. खामगावच्या दाजींना गुडघ्यामुळं धावपळ जमणार नव्हती, पण एका जागी बसून सामानावर नजर ठेवणं जमणार होतं. आत्या प्रत्येक कामाला एक नाव लावायची आणि त्या नावामागं दुसरं. "पयल्याचं अडलं त त्यानं सोताच दुसऱ्याले सांगाचं. कोनी कोनाले हुडकत बसाचं नाही." कोणी कुरकुरलं नाही. कोणी 'बघू' म्हणालं तर आत्या म्हणायची, "बघू म्हंजे नाही. नाहीच म्हन ना, राग नाही येत."

मग सुरतेचे गोविंदामामा. त्यांच्या चौकोनात पाठीमागं कापडाचे गठ्ठे होते. कचरूमामांचे हे सख्खे धाकटे भाऊ. दोघं तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी त्यावर अवाक्षर काढत नव्हतं.

"गोविंदा, तुले काय जमनार नाही?"

गोविंदामामा म्हणाले, "मले मांगून समजनं जमनार नाही, सिंधूताई. गावात सारे बसतात, ठरवतात, अन् मले ठरल्यावर समजते. आपल्या जुन्या घराची भिंत पाडली, मले शेजाऱ्यानं सांगितलं. मी परका हावो का?"

कुठल्याच चौकोनात कोणी हललं नाही. झुंबरकाकूंनीसुद्धा फोन कानावरून काढून डोळ्यासमोर धरला. कचरूमामांनी ट्रॅक्टर बंद केला. इतका वेळ तो सुरू होता हे तो बंद झाल्यावर कळलं.

"चुकलं माह्यं," कचरूमामा म्हणाले. रुमालानं तोंड पुसलं. "मले वाटलं, तू कामात अशीन, तुले काऊन तरास द्याचा. मांडवाचं आपुन दोघं पाहू. तुले इचारल्याबिगर एक बांबू नाही रोवत."

"मंग ठरलं," आत्या म्हणाली. "गावात जे बोलनं होईन ते ग्रुपवर सांगेपर्यंत ठरलंच नाही असं समजाचं. लिहून घ्या."

"हेच!" एकदम आवाज आला. पायल! पोरगी कडेवर घेऊन ती उभीच राहिली होती. "हेच आमचंपण आहे! टपरीवर ठरतं, अन् आम्हाला मांगून कळतं!"

"ही पोरगी कोन?"

"आत्या, माझ्या ऑफिसची," मी पुटपुटलो.

"बरं. बाई, तुले काय जमनार नाही?"

पायलनं मान खाली घातली. "एक ते अडीच. पोरीला जेवू घालून झोपवते. ते सांगायची लाज वाटे. लोक म्हणतील, घरी बसून पोर सांभाळते. म्हणून हिरवा ठिपका तसाच ठेवायची."

"अवं मंग सांगाचं ना!" प्रज्वल उसळला. "मले वाटे, तू मुद्दाम उचलत नाही! मी एक ते अडीच तुह्ये फोन घेतो, त्यात काय! मले साडेपाचले मोताळ्याची गाडी पकडा लागते, म्हून मी पाचच्या आत टपरीवरच सारं उरकतो. साडेपाचनंतरचे तू घे."

"घेते," पायल म्हणाली.

"अन् टपरीवर काय बोललो ते मी लगेच लिहून टाकीन," रुपाली म्हणाली. ती तर केव्हाची वहीत लिहीत होती. संघर्ष म्हणाला, शेतकऱ्याला दिलेला सल्ला लगेच त्याच्या नावापुढं नोंदवायचा, आणि पुढच्यानं तो वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. चौघं भराभर बोलत होते, एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. मध्येच झुंबरकाकूंनी सोयाबीनवर काय फवारायचं ते विचारून घेतलं. प्रज्वल सांगणार, तोच थांबला आणि म्हणाला, "पायल, पावसाचं काय?"

सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तिला विचारलं होतं! समोर एक पातळ नेसलेली बाई खाटेवर बसून, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून, दोन राज्यांतली माणसं ओवत होती, आणि कोणाला आपण ओवले जातोय हे कळतही नव्हतं. मी माझ्या बत्तीस स्लाइड हळूच बंद केल्या.

चाळीस मिनिटांत दोन्ही टीमचं ठरलं. रुपालीच्या वहीत दीड पान. रेणुका मॅडमनी तिथल्या तिथं सांगितलं, "हे मला तसंच्या तसं पाठवा. पाच दिवसांचं रद्द." पायलनं आरोहीचा हात धरून सगळ्यांना टाटा करायला लावला. म्हशीनंही मान हलवली.

बैठक संपत आली. सगळ्यांच्या नावापुढं काम लागलं होतं. पाणी, पंगत, फोन, सामान, मांडव. मला जरा वाईट वाटलं. शेवटी मी भाऊ होतो नवरीचा!

"आत्या, माझं नाव राहिलं."

"तुले काय जमनार नाही, ते तू सांगितलंच नाही बाबू."

आज खरं बोलायचाच दिवस होता. सगळे बोलले होते. मीही मनाचा हिय्या केला. "आत्या, खरं सांगू? मला गप्प बसणं जमत नाही."

आत्यानं क्षणभर विचार केला. "मंग तुह्यं काम तेच."

लग्न गेल्या रविवारी झालं. मांडव वेळेवर उभा राहिला, पंगती वेळेवर उठल्या, कचरूमामा आणि गोविंदामामा एका ताटात जेवले. जाताना पाहुणे बाबांना काय म्हणाले, ते मी जवळच उभा राहून, तोंड मिटून ऐकलं.

"सगळी कामं चांगली झाली रामरावभाऊ. पन अश्वजितचं काम सगळ्यात चांगलं!"