सोळा टूथपिक आणि आमचे व्याही

पेस्ट्री करणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो. दुकानातून पफची तयार शीट आणायची, चौकोन कापायचे, मध्ये चमचाभर जॅम, चारही कोपरे मध्ये दुमडायचे, एअर फ्रायरमध्ये टाकायचं, दहा मिनिटं! यात चुकण्यासारखं काय आहे? काहीच नाही. हेच मी त्या रविवारी सकाळी बायकोला सांगितलं.

"अहो, व्याही बेकरीवाले आहेत," ती म्हणाली. "त्यांना पेस्ट्री खायला घालणार? त्यापेक्षा चहा-बिस्किटं द्या आणि गप्प बसा."

"गप्प बसूनच आठ महिने झाले!" मी म्हणालो.

ते खरं होतं. आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे सगळं कळेल. मी काडेपेटीच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो. आमचा नियम साधा. ढिगातली एक काडी ओढायची. पेटली तर ढीग पास. नाही पेटली तर आणखी दोन ओढायच्या, त्यातली एक जरी नापास झाली तर सगळा ढीग बाद! हा नियम माझ्या हाडीमांसी इतका भिनलाय, की मुलाच्या लग्नात व्याह्यांनी स्वतःच्या हातांनी केलेला चार मजली केक समोर आला, तेव्हा माझा हात आपोआप शेजारच्या ताटातल्या पनीर टिक्क्याच्या सळईकडे गेला. मी प्रत्येक मजल्यात सळई खुपसली, बाहेर काढून निरखली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तिसरा मजला कच्चा आहे."

तेव्हापासून व्याही माझ्याशी बोलत नाहीत.

आणि आता सुनेला सहावा महिना लागलेला. गेल्या आठवड्यात तिने फोनवर सरळ सांगितलं, "बाबा, तुमचे निरोप अप्पांना आणि अप्पांचे तुम्हाला पोचवून मी दमले. रविवारी चार वाजता अप्पांना घेऊन येतेय. तुम्ही दोघं बोललात तर ठीक. नाहीतर बाळ झाल्यावर मी तुमच्याकडेही येणार नाही आणि त्यांच्याकडेही जाणार नाही. फोटो पाठवीन."

फोटो! पहिलं नातवंड आणि ते मी मोबाइलवर बघायचं? मी रात्रभर तळमळलो आणि पहाटे ठरवलं, स्वतःच्या हातांनी पेस्ट्री करायची. व्याह्यांनी खावी, चार दोष काढावेत, मी मान खाली घालून ऐकावेत, की फिट्टंफाट!

दुपारी दोनला कामाला लागलो. दोन शीटचे सोळा चौकोन झाले. भांड्यात एका वेळी चार मावत होते. पहिले चार दहा मिनिटांनी बाहेर आले ते इतके देखणे, की मी बायकोला बोलावून दाखवले. मग अर्थातच एक फोडून पाहिली. आत गोळा! कच्चा! नियमाप्रमाणे आणखी दोन फोडल्या. दोन्ही नापास.

"परत आत ठेवा की पाच मिनिटं," बायको म्हणाली.

"नापास माल परत भट्टीत जात नाही."

"मग काय करणार त्याचं?"

विल्हेवाट आम्ही दोघांनी मिळून लावली. कडेकडेचं तसं बरं लागत होतं.

दुसऱ्या खेपेला मी वेळ वाढवली. आता त्या यंत्रात वरून पंखा सोसाट्याने फिरतो, हे मला कोणी सांगितलं होतं? तिसऱ्या मिनिटाला पेस्ट्रीचे दुमडलेले कोपरे उघडले, जॅम खाली गळला आणि जळून घरभर असा धूर झाला की बायको खिडक्या उघडत धावली. मी घाईघाईत भांडं ओढलं आणि उरलेला जॅम माझ्या इस्त्रीच्या शर्टावर आला. दुसरी खेपही बाद. तिचीही विल्हेवाट लावली. आता मात्र घास घशाखाली उतरेना.

उरले आठ चौकोन आणि घड्याळात वाजले होते तीन! पण तपासनीस कधी घाबरत नाही, तो उपाय शोधतो. मी प्रत्येक पेस्ट्रीच्या कोपऱ्यांत दोन-दोन टूथपिक खोचल्या. आठ दुणे सोळा. मोजून सोळा! पुढच्या चार आत ठेवल्या, त्या झाल्यावर शेवटच्या चार लावल्या आणि तेवढ्यात शर्ट बदलून आलो.

काय सांगू तुम्हाला! आठही पेस्ट्र्या सोनेरी, फुललेल्या, एकाही कोपऱ्याने मान वर केलेली नाही. मी भराभर टूथपिक उपसून वाटीत टाकल्या आणि सवयीने मोजल्या. पंधरा.

परत मोजल्या. पंधरा.

माझ्या पोटात गोळा आला, आणि तो पहिल्या खेपेचा नव्हता. एक टूथपिक यातल्या कुठल्यातरी पेस्ट्रीत आहे! आणि ती खाणार कोण? सहा महिन्यांची पोटुशी सून, नाहीतर तिचे वडील! कुठल्या पेस्ट्रीतून किती निघाल्या, याची मी नोंदही ठेवली नव्हती. एकतीस वर्षांच्या नोकरीत असला गलथानपणा कधी झाला नाही.

"अहो, ऐका," बायको म्हणाली.

"थांब." मी सुरी घेतली.

"अहो, ती टूथपिक ना..."

"तपासणी चालू असताना तपासनिसाशी बोलायचं नाही!"

"अहो, पण मी काय म्हणते..."

मी तळहात वर केला. कारखान्यात नुसता तळहात दाखवला की मशीन थांबायची. बायको थांबली, माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं, "बसा मग फोडत!" म्हणाली आणि साडी बदलायला निघून गेली.

मी फोडत बसलो. पहिलीत नाही, दुसरीत नाही. पापुद्रा न पापुद्रा सोडवला. सातवी फोडून झाली तेव्हा ओट्यावर नुसता चुरा होता, टूथपिकचा पत्ता नव्हता. म्हणजे ती आठवीतच! हात आठवीकडे गेला आणि दारावरची बेल वाजली.

मी चुरा पोळ्यांच्या डब्यात लोटला आणि दार उघडायला धावलो. सून आत आली. मागून व्याही आले, माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत. मुलगा कामावर होता. अशा वेळी तो नेहमी कामावरच असतो.

"अय्या, बाबा, तुम्ही केलीत?" सून थेट स्वयंपाकघरात गेली होती. मी पोचेपर्यंत ती आठवी पेस्ट्री बशीत घालून तिने वडिलांच्या समोर ठेवलीसुद्धा. "अप्पा, बघा, एकच केलीय. खास तुमच्यासाठी!"

व्याह्यांनी वाकून वास घेतला. "सांग त्यांना, रंग बरा आलाय."

"बाबा, रंग बरा आलाय म्हणतात." सुनेचा चेहरा उजळला. कपाळावरची आठी गेली. आठ महिन्यांत मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती.

व्याह्यांनी पेस्ट्री उचलली. तोंड उघडलं.

"खाऊ नका!" मी किंचाळलो.

पेस्ट्री हवेत थांबली. व्याह्यांनी ती सावकाश बशीत ठेवली आणि उभे राहिले. "पाहिलंस? मी केलेला केक यांनी भोसकायचा, आणि यांनी केलेली पेस्ट्री मी खायचीसुद्धा नाही! चल, निघू आपण."

सुनेने पर्स उचलली. डोळे भरलेले. आता अब्रूचा विचार करून चालणार नव्हतं.

"तिच्यात टूथपिक आहे हो!" मी ओरडलो. "तुमच्या घशात गेली असती! माझी चूक झाली. सगळी माझीच चूक!"

व्याही थांबले. वळले. आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "लावल्या किती होत्या?"

"सोळा."

"निघाल्या?"

"पंधरा."

"परत मोजल्या?"

"दोनदा!"

"चाळणी आणा."

आम्ही दोघं टेबलावर डोक्याला डोकं लावून बसलो. व्याह्यांनी पेस्ट्रीचा एकेक पापुद्रा असा हलक्या हाताने सोडवला, की मी बघतच राहिलो. चुरा चाळला. टूथपिक नाही. मग फ्रायरचं भांडं उलटं केलं, ओट्याखाली पाहिलं. शेवटी आम्ही दोघं फरशीवर रांगत असताना बायको नवी साडी नेसून दारात आली.

"काय चाललंय?"

"सोळावी टूथपिक शोधतोय, वहिनी," व्याही ओट्याखालून म्हणाले.

"ती होय? तुम्ही शर्ट बदलायला गेलात ना, तेव्हा मी आधी झालेल्या चारांतली एक टूथपिक उपसून पाहिली, पेस्ट्री आतून शिजलीय का ते. आणि दिली टाकून. हेच मघापासून सांगत होते, पण तपासणी चालू होती!"

मी फरशीवरच बसलो. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं! कोणाच्या घशात काही जाणार नव्हतं. व्याहीही शेजारी टेकले आणि पोट धरून हसायला लागले. हसता हसता म्हणाले, "खरं सांगू? तिसरा मजला कच्चाच होता. घाई झाली होती मला. ते तुम्ही ओळखलंत, त्याचाच राग आला."

"तरी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं मी," मी म्हणालो. "लेकीच्या लग्नात तुम्ही हौसेने केला होता. फार वाईट वागलो."

त्यांनी नुसता माझा गुडघा थोपटला. मग चौघांनी डब्यातला चुरा चमच्याने खाल्ला. म्हणजे तिघांनी. मी फक्त बघितला.

निघताना मी हळूच सुनेला विचारलं, "मग बाळाला घेऊन येशील ना इकडे?"

"येईन की!" ती म्हणाली. "पण एका अटीवर. बाळाची तपासणी फक्त डॉक्टर करतील."

मी कबूल केलं. शब्द दिलाय, मोडणार नाही. पण नुसतं वजन करायला काय हरकत आहे? स्वयंपाकघरातला काटा पाच किलोपर्यंत अगदी बिनचूक दाखवतो. परवाच पिठाची पिशवी ठेवून दोनदा पाहिलं.