बाबुलालच्या सुट्टीचा अर्ज

१९७८ साली सानगडीत कायदा समजणारा माणूस एकच होता. मी! कोर्टाची पायरी मी चढलो नव्हतो, पण मॅट्रिक होतो, अक्षर वळणदार होतं आणि कानामागे पेन असायचा. तेवढ्यावर गावचे सगळे अर्ज माझ्याकडे! काय दिवस होते हो ते! कुणी वांगी आणून द्यायचं, कुणी मासोळी, आणि ‘घनश्यामभाऊ’ म्हणून असा मान द्यायचे, की आज आठवलं तरी बरं वाटतं.

शिमगा झाला आणि तळ्यावर मासोळ्या धरणारी गुणाबाई ओसरीवर येऊन बसली. तिचा पोरगा बाबुलाल नागपूरच्या जेलात होता. जाळ्यावरून भांडण झालं आणि पठ्ठ्यानं वल्हं एकाच्या डोक्यात घातलं. तीन वर्षं! त्यातली दीड झाली होती.

“भाऊ, वैशाखात पोरीचं लगन आहे. तिले बाप नाही. नवरदेवाचा कान पिळाले भाऊ तं पाहिजे! बाबुलाल येईन का जी?”

मी वकिलासारखे डोळे मिटले. “दोन वर्सं भरल्याबिगर पॅरोल भेटत नाही. त्याच्या आधी भेटाची असंन, तं माय मरणाले टेकली पाहिजे.”

“व माय! मी तं ठणठणीत आहो!”

“कागदावर नाहीस तू!”

अर्ज असा लिहिला, की वाचताना माझेच डोळे भरून आले.

महिन्याभरानं एका सकाळी पोलीस पाटलांचा निरोप आला. साकोलीहून जागेश्वर जमादार चौकशीला निघाले होते! मी धावत गुणाबाईकडे गेलो, तर बाई तळ्यात छातीभर पाण्यात!

“गुणाबाई, नीघ लवकर! तुले मराचं आहे!”

“आत्ताच? मरळ सापडून राहिली जी!”

ओढत घरी आणली, ओल्या लुगड्यानंच खाटेवर टाकली आणि वरून वाकळ घातली. शेजारच्या रेवताबाईनं ते पाहिलं आणि जो गळा काढला! पाच मिनिटांत अंगणात अर्धं गाव! नेमके त्याच दिवशी दिघोरीचे व्याही लग्नाचं बोलायला आलेले. ते दारातच थबकले.

“इहीनबाईचं असं आहे? मंग लगन पुढच्या वर्सी पाहू.”

पोरगी खरोखरची रडायला लागली. खरं सांगावं तर जमादार दारात, न सांगावं तर लग्न मोडतं!

जमादारांनी टोपी काढली. “केव्हापासून आहे असं?”

“महिना झाला साहेब,” मी म्हणालो. “हात-पाय हालत नाहीत.”

तेवढ्यात वाकळीत धडपड सुरू झाली. बाईनं मरळ काही सोडली नव्हती, पदरातच घेऊन झोपली होती! हातभर मासोळी उसळली ती थेट जमादारांच्या बुटाजवळ. मागोमाग मरणाला टेकलेल्या बाईनं उडी घेतली.

“धरा! धरा तिले! साहेब, पाय द्या तिच्यावर!”

धरली व्याह्यांनी. आणि पोट धरून हसले. “हे तं अजून शंभर वर्सं जगते! लगन वैशाखातच!”

जमादार मात्र हसले नाहीत. “अर्ज कोणं लिहिला?”

चाळीस बोटं माझ्याकडे वळली! गुणाबाईनं हात जोडले. “साहेब, चूक झाली. पण दीड वर्स झालं जी, पोराचं तोंड पाहिलं नाही.”

जमादार खाटेवर टेकले. “अवं माय, त्याच्या शिक्षेले एक वर्स भरलं, की फर्लोची सुट्टी मांगता येते. त्याले कोणाचं दुखणं लागत नाही! त्यानं जेलातून अर्ज कराचा, तू जामीन राहाचं.” आणि माझ्या अर्जावर त्यांनी शेरा मारला, ‘आईची प्रकृती उत्तम.’

बाबुलाल आला! नवरदेवाचा कान असा पिळला, की मांडव दणाणला. गुणाबाई हसता हसता रडत होती. मलाही राहवलं नाही. जेवताना मी त्याला फुशारकीनं सगळी खटपट सांगितली.

“मामाजी,” तो म्हणाला, “वर्स भरलं, मायले जामीन राहाले पाठवा, असं मी तीन चिठ्ठ्याईत लिहिलं होतं. कोणी काहून आलं नाही?”

मी भात कालवत राहिलो. गुणाबाईला वाचता येत नव्हतं. चिठ्ठ्या वाचून दाखवायचो मीच! ‘मी खुशाल आहो’ एवढं वाचायचो आणि पुढचं सोडून द्यायचो. म्हटलं, कैद्याला काय कायदा समजतो!